खरखरीखालचे उत्तर

केराबाई खरात या माझ्या सासूबाई. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांचे निधन झाले त्या वेळी माझी पत्नी वैजयंता अवघी पाच वर्षांची होती. त्यांचे छायाचित्र कोणी काढले नव्हते, आणि त्यांचा आवाज कसा होता हे पत्नीस आठवत नव्हते. असे असूनही सन २०४१ च्या हिवाळ्यात तो आवाज माझ्या हातून शंभर पटीने मोठा झाला, आणि त्यातील एका उत्तरामुळे आमच्या घरात व आमच्या संस्थेत जे घडले, ते क्रमवार निवेदन करण्याचे मी योजिले आहे.

माझे नाव अंकुश मेटकरी. माझे शिक्षण इयत्ता आठवीपर्यंत झालेले आहे. तथापि कानांच्या बाबतीत मी कोणत्याही पदवीधरास मागे सरणार नाही. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मी लग्नमंडपांत कर्णे बांधले, जत्रांत ध्वनिक्षेपक लावले, आणि गावोगावचे बंद पडलेले टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. पुढे कॅसेटी गेल्या, टेपरेकॉर्डर गेले, व ते दुरुस्त करणारेही गेले. नेमक्या त्याच वेळी आटपाडी येथे ‘माणदेश लोकवाणी संग्रह’ ही संस्था उभी राहिली आणि तिला जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेणारा मनुष्य हवा झाला. शोध घेता घेता ते लोक माझ्या दारी आले. इंग्रजी मला येत नाही. परंतु हल्ली वाचक-चष्मा मिळतो, समोरचे अक्षर तो कानात मराठीत वाचून दाखवतो, त्यामुळे माझे काही अडत नाही.

संस्थेपाशी पुण्याच्या शरयू पेठे नावाच्या संशोधिकेने सन १९८९ मध्ये वाड्यावस्त्यांवर हिंडून केलेल्या दोनशे कॅसेटी होत्या. पैकी एकशे सतरा क्रमांकाच्या कॅसेटीवर निळ्या शाईत लिहिलेले होते : ‘केराबाई खरात. रडणे.’

आमच्याकडे मयताच्या वेळी बाया सूर धरून रडतात, त्या रडण्यात गेलेल्या माणसाचे गुण गुंफतात, त्यास रडणे म्हणतात. शरयूबाई वस्तीवर मुक्कामास असताना केराबाईंचा थोरला मुलगा बिरा तापाने जाऊन तीन महिने झाले होते. सकाळी भाकरी थापता थापता त्यांनी एकाएकी त्याच्यासाठी सूर काढला आणि चुलीशेजारी बसलेल्या शरयूबाईंनी यंत्र चालू केले. परंतु घाईत त्यांच्या हातून एक चूक झाली. आदल्या संध्याकाळी धनगरांच्या गजीनृत्याच्या ढोलांचे ध्वनिमुद्रण केलेले होते. ढोल अंगावर येतात म्हणून पातळीचे बटण अगदी खाली केलेले होते, ते तसेच राहिले. परिणामी केराबाईंचे सबंध रडणे मुंगीच्या पावलाएवढ्या आवाजात फितीवर उतरले.

येथे पातळी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. कॅसेटच्या फितीला स्वतःचा एक आवाज असतो. कोरी फीत वाजवली तरी ‘सूंऽऽ’ अशी खरखर ऐकू येते. बोलणाऱ्याचा आवाज त्या खरखरीच्या पुष्कळ वर नोंदला गेला, तर खरखर कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो तिच्या जेमतेम वर राहिला, तर मागाहून कितीही वाढवा, खरखरही त्याच्याबरोबर वाढत येते. दुधात पाणी पडल्यावर भांडे मोठे घेतले म्हणून दूध घट्ट होत नाही, तद्वत हे आहे.

दुसरी गोष्ट संगणकाची. संगणक आवाज पायऱ्यांनी मोजतो. जुन्या मोजणीत या पायऱ्या पासष्ट हजारांहून अधिक असत, परंतु हळू आवाज तळाच्या शेदोनशे पायऱ्यांतच घुटमळतो, व त्याचे बारकावे पायऱ्यांच्या मधल्या फटींत पडून नाहीसे होतात. म्हणून शहाण्याने आवाज संगणकात शिरण्यापूर्वीच, प्लेअर आणि संगणक यांच्यामधील पेटीचे बटण फिरवून, योग्य तेवढा वाढवावा आणि मगच उतरवून घ्यावा. सन २०१२ मध्ये कोणी एका उतावळ्या इसमाने या कॅसेटी बटणास हात न लावता संगणकावर उतरवल्या होत्या. म्हणजे केराबाईंचा आवाज आधीच हळू, आणि उतरवताना पुन्हा हळू झाला.

आता नव्या यंत्राविषयी. त्याचे नाव नादपूरक. त्याला लक्षावधी तासांची माणसांची बोलणी ऐकवलेली आहेत. हळू, मोडका, तुटका आवाज त्याच्यापुढे ठेवला की तो त्यातून खरखर गाळतो, फितीवरचे टिचके, म्हणजे मध्येच उमटणारे टकटक आवाज, काढून टाकतो, आणि जेथे आवाज इतका क्षीण असेल की काहीच उमगत नाही, तेथे मागचेपुढचे पाहून सर्वाधिक संभाव्य असा आवाज त्याच माणसाच्या गळ्यातून काढल्यासारखा घडवून बसवतो. सांधा कोठे आहे हे कानाला कळत नाही. हे यंत्र संस्थेत आले तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. आणि त्या आनंदाच्या भरात मी एक आळस केला. एकशे सतरा क्रमांकाची मूळ कॅसेट कपाटातून काढण्याऐवजी सन २०१२ ची तयार फाइलच मी नादपूरकास दिली. यंत्र सर्व सुधारून घेईल, असे मी मनाशी म्हटले.

बावीस मिनिटांचे रडणे चार मिनिटांत तयार झाले.

ते मी घरी नेले. दुपारची वेळ होती, वैजयंता अंगणात शेंगा फोडत बसली होती.

“वैजे, हात धू आणि हिकडं ये.”

“शेंगा काय तुमचा नादपूरक फोडणार हाय?”

“ये तर खरं.”

ती पदराला हात पुसत आली. मी स्पीकर लावला. केराबाई गाऊ लागल्या :

“माझ्या ढवळ्या कोकरा, कळप गेला रं पुढं,
मागं राहिलास कुनासाटी, सांज झाली रं इथं…”

पहिल्या कडव्याला वैजयंता उभीच होती. दुसऱ्या कडव्याला ती खाली बसली. तिसऱ्याला तिने स्पीकर उचलून मांडीवर घेतला. बावीस मिनिटे संपेपर्यंत तिने तो खाली ठेवला नाही. शेवटी रडणे थांबते, भांड्याचा आवाज होतो, आणि शरयूबाई शहरी मराठीत विचारतात, “केराबाई, हे रडणं मी लोकांना ऐकवलं तर चालेल का?” त्यावर क्षणभराने केराबाईंचे उत्तर येते : “हं.”

“पुन्यांदा लावा,” वैजयंता म्हणाली.

“रडणं?”

“न्हाई. ते शेवटचं. ‘हं’ म्हनलेलं.”

मी लावले. तिने ते किती वेळा ऐकले याची गणती मी केली नाही. गाण्यातला आवाज हा गाण्याचा असतो. बोलण्यातला आवाज माणसाचा असतो, असे तिचे म्हणणे पडले. त्या सबंध कॅसेटीवर केराबाई बोलल्या त्या एवढेच.

“मी हाक मारली की आय अशीच ‘हं’ म्हनत आसंल,” ती म्हणाली. “कामात आसंल, वर न बघता म्हनत आसंल. न्हाई का वं?”

“म्हनत आसंल की,” मी म्हणालो. मला त्या वेळी स्वतःचा फार अभिमान वाटला.

त्यानंतर सर्व गोष्टी वेगाने घडल्या. संस्थेच्या संचालिका ऋता देवस्थळी या चौतीस वर्षांच्या, हुशार आणि कामाच्या बाबतीत अत्यंत प्रामाणिक अशा बाई आहेत. त्यांनी ते रडणे ऐकले व डोळे पुसले. संक्रांतीनंतरच्या रविवारी संस्थेच्या नव्या श्रवणमंदिराचे उद्घाटन व्हावयाचे होते. मंडपात तीन हजार माणसे बसणार, दिवे मालवले जाणार, आणि एक्कावन्न वर्षे मुकी राहिलेली केराबाई प्रथमच जगापुढे बोलणार, असा कार्यक्रम त्यांनी आखला. कायद्याची अडचण नव्हती. अलीकडच्या नियमानुसार ध्वनिमुद्रणात तोंडी होकार असेल आणि प्रमाणित यंत्राने तो अक्षरांत उतरवला असेल, तर तो सहीसमान धरला जातो. नादपूरकाने ‘हं’ हे उत्तर ‘संमती’ या रकान्यात आपण होऊन भरलेले होते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या. वैजयंतेने सत्कारासाठी हिरवे लुगडे घेतले.

उद्घाटनास आठ दिवस उरले असता सोजरमावशी आमच्या घरी आली. मावशी केराबाईंची सख्खी बहीण, वय वर्षे पंच्याऐंशी, दृष्टी अधू, परंतु कान आणि जीभ ही दोन्ही इंद्रिये तलवारीसारखी. आल्या आल्या तिने मला धारेवर धरले.

“काय जावायबापू, मेल्याली मान्सं बोलाय लावताय म्हनं. जित्या मान्सांचं ऐकाय तुमाला येळ न्हाई, आमची मान्सं निघाला व्हय उकरायला?”

“मावशी, तुमच्या बहिणीचा आवाज काढलाय. ऐकून तर घ्या.”

“लावा. बगू तुमची करनी.”

मावशीने सबंध रडणे मान खाली घालून ऐकले. बिराचे नाव आले तेथे तिने पदर तोंडाशी नेला. परंतु शेवटचा प्रश्न झाला, केराबाईंनी “हं” म्हटले, आणि मावशीने झटकन मान वर केली.

“ह्ये कोन बोललं?”

“केराबाई,” मी म्हणालो.

“केरा? हट्! रडली ती केरा. ही कोन पुन्याची सटवी?”

“मावशे, आसं काय बोलतीस!” वैजयंता कळवळून म्हणाली.

“आगं, ‘हं’ म्हनाय ती काय मास्तरीन हुती? आमच्या वस्तीवर ‘हं’ कोन म्हनतंय? आमी ‘व्हय’ म्हनतो. लई झालं तर ‘हां’. ‘हं’ मी पयल्यांदा ऐकलं ते डाक्टरणीच्या तोंडून. आन् दुसरं सांगती. केरा व्हय म्हननारच न्हाई. बिनमयताचं रडनं कोन ऐकवत आसतंय व्हय? ते बिराला दिल्यालं हुतं. दिल्यालं परत काडून मानसांत वाटत्यात का?”

“मग मी ऐकलं ते?” वैजयंतेने विचारले.

“तू लेक हाइस. लेक म्हंजी लोक न्हवं.”

मावशीचे बोलणे वैजयंतेने म्हातारपणाच्या खात्यात टाकले. मला ते तसे टाकता आले नाही. ‘हं’ आणि ‘व्हय’ यांमधील अंतर कोणा यंत्राला उमगणार नाही, परंतु मला उमगायला हवे होते. मी त्याच मातीतला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्था उघडताच मी कपाटातून एकशे सतरा क्रमांकाची मूळ कॅसेट बाहेर काढली.

कॅसेटीतील फीत दाबून धरणारी नमद्याची चिमुकली गादी गळून पडली होती. मी दुसऱ्या निकामी कॅसेटीतील गादी काढून तेथे बसवली. प्लेअरचे फीत वाचणारे हेड स्पिरिटने पुसले. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू केसभर केसभर फिरवून फितीच्या रेषेशी असा जुळवला की खरखर स्वच्छ व धारदार ऐकू येऊ लागली. कारण ज्याची खरखर स्वच्छ, त्याचा आवाजही स्वच्छ, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्यानंतर मधल्या पेटीचे बटण वाढवत नेले, आणि काटा तांबड्या रेषेच्या बोटभर अलीकडे ठेवून सर्व बावीस मिनिटे नव्याने, अधिक पायऱ्यांच्या मोठ्या मोजणीत उतरवून घेतली. नादपूरकास हात लावला नाही.

प्रश्न झाला. “…लोकांना ऐकवलं तर चालेल का?” त्यानंतर खरखर. एक श्वास. आणि मग अगदी स्पष्ट :

“च्यक्.”

आमच्याकडे मान किंचित वर करून, जीभ टाळूला लावून सोडताना हा आवाज काढतात. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकास त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्याचा अर्थ ‘नाही’. तोंडाने नाही म्हणण्यात थोडी विनवणी राहते, पुढे बोलण्यास वाव राहतो. ‘च्यक्’ झाले की विषय संपतो.

मी वाचक-चष्मा लावून नादपूरकाचा अहवाल उघडला. त्याने फितीवरचे टिचके म्हणून दोनशे चौदा ठिकाणी आवाज कापलेला होता. एकशे त्र्याण्णव टिचके खरोखरीचे होते : बटणाचे, सांध्याचे, धुळीचे. वीस ठिकाणी चुलीतील काटकी फुटलेली होती. आणि दोनशे चौदावे ठिकाण केराबाईंच्या उत्तराचे होते. टिचका गेल्यावर मागे उरला तो फक्त श्वास. त्या श्वासाच्या जागी काय असावे, हे यंत्राने आपल्या शिकवणीवरून ठरवले. आणि शिकवण कसली? जगभरच्या संग्रहांतील ध्वनिमुद्रणांची. त्यांत असा प्रश्न विचारला की माणसे होच म्हणतात. कारण ज्यांनी नाही म्हटले, त्यांची ध्वनिमुद्रणे संग्रहात ठेवलीच जात नाहीत. यंत्राने आयुष्यात कधी नकार ऐकलेलाच नव्हता. त्याला नकार कोठून कळणार?

हे ध्यानात आल्यावर मी हेडफोन काढून ठेवले. नंतर उठून ऋता मॅडमच्या खोलीत गेलो व दोन्ही आवाज त्यांना एकापाठोपाठ ऐकवले.

“काका, हा टेपचा आवाज नसेल कशावरून?” त्यांनी विचारले.

“मॅडम, टेपचा टिचका काट्यासारखा आसतो, उभा चढतो आन् उभा पडतो. ह्याला मागं पोकळी हाय. तोंडाची पोकळी. गालाचा आन् टाळूचा घुमारा हाय त्यात. मी पैजेवर सांगतो.”

मॅडमनी डोके धरले. “पत्रिका गेल्या. पाहुणे येणार. एवढी मोठी गोष्ट, आणि एका ‘च्यक्’वर…”

“एका ‘हं’वर चालली हुती की. मग ‘च्यक्’वर थांबाया काय हरकत?”

त्यांनी पडद्यावर नियमावली उघडली. मग म्हणाल्या, “नियमात आणखी एक वाट आहे. मूळ व्यक्ती हयात नसेल तर वारसाला संमती देता येते. वैजयंताताईंनी हो म्हटलं, तर सगळं कायदेशीर होतं. मी जबरदस्ती करणार नाही, काका. पण तुम्ही त्यांना विचारा. हे ऐकायला मिळावं असं मलाही मनापासून वाटतं.”

त्यांचे बोलणे खोटे नव्हते. परंतु घरी जाताना एकच प्रश्न माझ्यापुढे होता. वैजयंतेला काय सांगावयाचे? की तुझी आई तुझ्याशी एकदाच बोलली, आणि ते बोलणे मी आळसाने एका यंत्राकडून करवून घेतले? न सांगितले असते तर जगात कोणालाही कळले नसते. मावशीचे म्हणणे कोणी मनावर घेतले नसते. ‘हं’ आमच्या घरात कायमचे राहिले असते. परंतु माझा सगळा जन्म दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा पोहोचवण्यात गेला. मंडपातल्या कर्ण्यातून मी कधी कोणाच्या शिवीची ओवी केली नाही. मग मेलेल्या सासूबाईंच्या नाहीचे होय कसे करू?

मी सांगितले. काहीही न लपवता, आळसासकट सांगितले.

वैजयंता ऐकत राहिली. मग तिने विचारले, “म्हंजी ते ‘हं’ कुनाचं हाय?”

“कुनाचंच न्हाई.”

“मी चार आटवडं त्याच्यासंगं बोलतीय,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पुढील दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलली. मावशीसुद्धा गप्प होती, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी संस्थेत काम करीत असताना दार लोटून वैजयंता आत आली. गेल्या सोळा वर्षांत ती माझ्या कामाच्या खोलीत कधी आली नव्हती.

“तुमचं यंत्र न्हाई ऐकायचं मला. ती कॅसेट लावा. हाय तशी.”

“खरखर लई हाय.”

“आसूं द्या.”

मी तिला हेडफोन दिले आणि मूळ कॅसेट लावली. तिने डोळे मिटून सबंध रडणे ऐकले. दोन ओळी खरखरीत पार बुडालेल्या होत्या. नादपूरकाने त्या जागी स्वतः रचलेल्या ओळी घातल्या होत्या. येथे त्या नव्हत्या. शेवटचा प्रश्न आला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ‘च्यक्’ झाले त्या क्षणी तिच्या भुवया उचलल्या गेल्या, आणि मग, ज्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती अशी गोष्ट घडली. ती हसली.

“लई खट बाई हुती वं,” ती म्हणाली. “पुन्याची बाई शेजारी बसल्याली, येवडं मोटं यंत्र फुड्यात, घरात पोराचं दुक. तरी एका झटक्यात मोडून काडलं. ‘हं’ म्हननारी आय बरी हुती, पर ती कुनाचीबी आसती. ही माजीच.”

मी ऋता मॅडमना बोलावले. मॅडमनी वारसाच्या संमतीचा अर्ज पडद्यावर उघडला. त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन होते. मॅडमनी कोणत्याही चौकोनाकडे बोट केले नाही, हे मी त्यांच्या श्रेयार्थ नमूद करतो.

“ताई, तुम्ही म्हणाल तसं,” त्या म्हणाल्या.

“आयनं न्हाई म्हनलंय. तिच्या नंतर व्हय म्हनाया मी कोन?” वैजयंतेने दुसऱ्या चौकोनावर बोट टेकवले. “रडनं कुनाला ऐकवू नगा. कपाटात ऱ्हाऊ द्या. मला वाटलं तर मी यीन ऐकाय.”

मॅडमनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांपुढे रिकामा मंडप उभा राहिला असावा. तेव्हा वैजयंता पुन्हा बोलली.

“पर तुमी कारेक्रम मोडू नगा. तो सवाल आन् त्येचा जबाब तेवडा लावा.”

“फक्त प्रश्न आणि… ‘च्यक्’?”

“व्हय. रडनं ऐकवू नगा म्हनली ती. न्हाई म्हनल्यालं ऐकवू नगा, आसं कुटं म्हनली?”

मॅडमनी ते लिहून घेतले. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “काका, तीन हजार माणसांना एवढासा आवाज ऐकू जाईल?”

“ते माज्याकडं लागलं,” मी म्हणालो.

आणि ते मी केले. आठ सेकंदांच्या त्या तुकड्यावर मी दोन दिवस काम केले. प्रश्नाचा आवाज यंत्राच्या जवळून आलेला, उत्तराचा लांबून. तेव्हा प्रश्न होता तेथेच ठेवून केवळ उत्तराची पातळी हाताने, टप्प्याटप्प्याने वर आणली. खरखर काढली नाही. उत्तरापूर्वीचा श्वास काढला नाही. जे फितीवर नव्हते ते कणभरही घातले नाही. यंत्राने चार मिनिटांत बावीस मिनिटांचे काम केले होते. मला आठ सेकंदांना दोन दिवस लागले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

रविवारी सकाळी दहा वाजता मंडप भरला. डाव्या बाजूला वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बाया, उजव्या बाजूला पुरुष, पुढे शहरातील पाहुणे. व्यासपीठामागे मोठा पडदा होता. त्यावर बोलले जाणारे सर्व काही यंत्र आपोआप अक्षरांत उमटवीत होते. ऋता मॅडमनी भाषणात घडलेला प्रकार प्रांजळपणे सांगितला : आम्ही एका बाईचे न बोललेले उत्तर छापून बसलो होतो, आमच्या एका कर्मचाऱ्याच्या कानाने आणि एका मावशींच्या जिभेने आम्ही वाचलो. “आणि आता,” त्या म्हणाल्या, “केराबाईंचे खरे उत्तर ऐका.” ते उत्तर काय, हे त्यांनी सांगितले नाही.

मी बटण दाबले.

कर्ण्यांतून शरयूबाईंचा आवाज आला. पडद्यावर अक्षरे उमटली : ‘केराबाई, हे रडणं मी लोकांना ऐकवलं तर चालेल का?’ मंडपावर एक्कावन्न वर्षांपूर्वीची खरखर पसरली. एक श्वास आला.

“च्यक्!”

पडद्यावर प्रश्नाच्या खाली काहीच उमटले नाही. तेथे एक रेघ उघडझाप करीत उत्तराची वाट पाहत राहिली. पाहुणे पडद्याकडे पाहत राहिले. परंतु डाव्या बाजूच्या बायांनी पडद्याकडे पाहिलेच नव्हते. त्यांच्या मधल्या रांगेतून एक खणखणीत आवाज उठला, “नगं म्हनती की बया ती!” त्याबरोबर बायांच्या त्या सबंध बाजूला हसू फुटले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी शेजारणीला ढोसून तोच आवाज काढून दाखवू लागली, आणि बघता बघता मंडपभर जिभा टाळूला लागून सुटू लागल्या. पावसाचे पहिले टपोरे थेंब पत्र्यावर पडावेत तसा तो नाद होता. पुढचे पाहुणे मागे वळून पाहू लागले. पडदा कोराच होता.

मी माझ्या टेबलाजवळून वैजयंतेकडे पाहिले. ती पहिल्या रांगेत हिरवे लुगडे नेसून मावशीशेजारी बसली होती. ती हसत नव्हती व रडतही नव्हती. आईचे एखादे सांगणे ऐकावे, ते मानावे, क्वचित त्यावर रुसावे, हे सर्व ज्या वयात व्हावयाचे, त्या वयात तिच्या नशिबी आई नव्हती. कर्ण्याकडे तोंड करून, चुलीपाशी बसलेल्या माणसाला सांगावे इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली :

“बरं, आय.”